तोतयाचा आवाज

'तोतया' या शब्दाला मराठीत एक दुखरा इतिहास चिकटलेला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु सर्वांची खात्री पटेल असा पुरावा पुण्यास लवकर पोचला नाही, आणि पार्वतीबाईंनी तर आपले वैधव्य अखेरपर्यंत मानलेच नाही. या संशयाच्या फटीतून एक माणूस आत शिरला. भाऊ म्हणून तो वावरू लागला, पकडला गेला, बंदीत पडला, आणि १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटून त्याने कोकणात असे बंड माजविले की पुण्याच्या कारभाऱ्यांची झोप उडाली. ते वर्ष सरण्यापूर्वी त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांना त्यावर एक नाटक लिहावेसे वाटले. मला मात्र या प्रकरणातील एकाच गोष्टीचे कुतूहल वाटत आले आहे. जाणत्या माणसांनीही त्याला भाऊ मानले, ते केवळ त्याचे रूप जुळत होते म्हणून नव्हे. भाऊ परत यावेत अशी कित्येकांची मनापासून इच्छा होती आणि काहींचा त्यात स्वार्थही होता. तोतयाचे निम्मे काम समोरच्या माणसाने आधीच करून ठेवलेले असते.

त्या तोतयाला निदान चेहरा होता. त्याला उभे करता येत होते, प्रश्न विचारता येत होते, जुन्या नोकरांपुढे नेऊन ओळख पटवून घेता येत होती. आजच्या तोतयाजवळ केवळ आवाज आहे. तो दूरध्वनीवर येतो, आपण तुमच्या बँकेतून बोलत आहोत असे सांगतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत आपले काम उरकून जातो. त्याला ओळखावे कसे, हा प्रश्न वरवर पाहता पोलिसांचा किंवा बँकांचा आहे. परंतु ज्यांचे आयुष्य अस्सल आणि बनावट मजकूर यांतील भेद ओळखण्यात जाते अशा आपणासारख्यांचाही तो आहे, असे मला कुंभकोणम् येथे घडलेल्या एका प्रसंगानंतर वाटू लागले.

गेली काही वर्षे थंडीच्या दिवसांत मी कुंभकोणम् येथे येऊन राहतो. काम असते ते तंजावरास, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचे. परंतु चाळीस किलोमीटरचा प्रवास सोसूनही मुक्काम येथेच करावासा वाटतो. याला कारण येथील मराठी घरे. तंजावरची मराठी सत्ता १८५५ मध्ये संपली, पण तिच्यामागून आलेली कुटुंबे संपली नाहीत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले. या घरांतून अजून एक मराठी बोलली जाते. तिचे काही शब्द आपल्याला बखरीत भेटतात, आणि वाक्याचा हेल मात्र पुरता तामिळ असतो. गावातले लोक या मंडळींना 'रायर' म्हणतात. नाव कोणाचे काहीही असो, भाजीवाल्यापासून वैद्यापर्यंत सर्वांच्या तोंडी रायर एवढेच. वाचकांनी हा तपशील ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

कुंभकोणम् म्हणजे देवळे आणि महामहम् तीर्थ, असे बाहेरच्या माणसाला वाटते. गावातल्या माणसाला विचाराल तर तो बँकेचेही नाव घेईल. 'कुंभकोणम् बँक' येथे १९०४ मध्ये स्थापन झाली. तीच पुढे सिटी युनियन बँक झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय अजूनही येथेच आहे. ती दोन वर्षांची असताना, १९०६ च्या ऑक्टोबरात, मद्रासची आर्बथनॉट ही बडी इंग्रज पेढी बुडाली. मद्रास इलाख्यातील विधवा, निवृत्त नोकर, लहानसहान ठेवीदार यांचे त्यात पार वाटोळे झाले, आणि त्या धक्क्यातूनच पुढच्या वर्षी इंडियन बँक जन्माला आली. कावेरीकाठच्या मध्यमवर्गाने आपला पैसा कोणाच्या हाती द्यावा हा धडा असा फार महागात शिकून घेतलेला आहे. येथल्या वृद्ध माणसाच्या मनात बँकेला जे स्थान आहे ते एका ओळखीच्या घराचे आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो छत्री घेऊन शाखेत जातो, पासबुक भरून घेतो, कारकुनाच्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतो. 'मी बँकेतून बोलतो आहे' हे शब्द त्याच्या कानी पडतात तेव्हा या साऱ्या वर्षांची पुण्याई बोलणाऱ्याच्या मागे उभी राहते. ती त्याने कमावलेली नसते एवढेच.

माझ्या बिऱ्हाडाशेजारी असेच एक रायर राहतात. वय ऐंशीच्या घरात. टपाल खात्यात चाकरी झाली, आणि त्यातली बरीच वर्षे बचत खात्याच्या खिडकीमागे गेली. पैसे काढण्याच्या अर्जावरची सही नमुन्याच्या सहीशी जुळते की नाही हे पाहणे, हे त्यांचे रोजचे काम. एका अक्षराचे शेपूट कमी पडले म्हणून त्यांनी माणसे परत पाठविलेली आहेत, आणि ती हकिगत ते अजून अभिमानाने सांगतात. फसविला जाणारा माणूस भोळा असतो अशी जी आपली समजूत आहे तिच्यात हे गृहस्थ कोठेच बसत नाहीत.

नोव्हेंबर महिना होता. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावरून यंत्राद्वारेही देता येतो, आणि रायरांनी त्या सुमारास तो शाखेत जाऊन दिलेला होता. सकाळी अकराच्या सुमारास दूरध्वनी आला. बोलणाऱ्याचे तामिळ उत्तम होते. तंजावर जिल्ह्यातलेच, सुशिक्षित माणसाचे, आदबशीर. त्याने रायरांचे पूर्ण नाव घेतले, जन्मतारीख सांगितली, खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक सांगितले. मग खेदाच्या स्वरात म्हणाला की आपला दाखला यंत्रात नोंदला गेलेला नाही. संध्याकाळपर्यंत नोंद झाली नाही तर या महिन्यापासून निवृत्तिवेतन थांबेल. आपण वृद्ध आहात, शाखेपर्यंत येण्याची तसदी नको. मी येथूनच करून देतो. आता आपल्याकडे सहा अंकांचा एक दाखला-क्रमांक येईल, तेवढा वाचून दाखवा.

रायरांनी तो वाचून दाखविला. चाळीस हजारांहून अधिक रुपये गेले. ते त्यांना त्या क्षणी कळले नाही.

नोंद एकदा फसली, पुन्हा करू, असे म्हणून त्याने दुसरा क्रमांक मागितला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंनी विचारले की कोणाचा फोन आहे. रायरांनी दूरध्वनी कानाशी तसाच धरून घरच्या मराठीत उत्तर दिले: बँकेतून आहे, हयातीचा दाखला पाहिजे म्हणतात. यावर काकू जे बोलल्या ते आमच्या आळीत आता म्हणीसारखे झाले आहे. त्या म्हणाल्या, "तो तुमच्याशीच बोलतो आहे ना? मग तुम्ही जिवंत आहात हे त्याला आणखी कोणी सांगावयास हवे?"

आणि येथे तो आवाज बदलला. आपण कोणाशी बोलत आहात? ही कोणती भाषा? हे संभाषण नोंदले जात आहे, मध्ये दुसऱ्या कोणाशी बोलता येणार नाही, दूरध्वनी खाली ठेवाल तर खाते गोठेल, असे तो तोडून तोडून बोलू लागला. रायर मला नंतर म्हणाले की, पैशाचे नव्हे, आपल्या बायकोशी बोलल्याचे त्याला भय वाटले हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. खऱ्या बँकेला माझ्या बायकोचे भय का वाटावे? त्यांनी दूरध्वनी ठेवला. दुसरा क्रमांक वाचून दाखवावयाचा राहिला.

हा प्रसंग मी मनात अनेकदा तपासून पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी आपल्या विद्येविषयी मी थोडा नम्र होत गेलो आहे. आपण भाषेची माणसे. बनावट मजकूर भाषेवरून ओळखता येतो असा आपला विश्वास असतो, आणि तो अगदीच निराधार नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे पंचाण्णव कोटी डॉलर उचलण्याचा घाट चोरांनी घातला होता. एकूण पस्तीस आज्ञापत्रे त्यांनी धाडली. त्यांपैकी आठ कोटी दहा लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोचले. पण श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी डॉलर वाटेत अडले, ते 'फाउंडेशन' या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते म्हणून. मधल्या बँकेतील कोणा कारकुनाला 'फँडेशन' हा शब्द खटकला आणि त्याने विचारणा केली. शुद्धलेखनाने इतका पैसा वाचविल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. व्याकरणाच्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

परंतु रायरांकडे आलेल्या आवाजात चूक कोठेच नव्हती. झारखंडातील जामताऱ्याकडून येणारे हिंदी फोन या गावात पूर्वीपासून येत, आणि हिंदी न कळणे हे येथील कित्येक वृद्धांचे कवच होते. ते दिवस गेले. आता आवाज तुमच्या भाषेत, तुमच्या जिल्ह्याच्या लकबीत येतो. यंत्राच्या साहाय्याने तुमच्या नातवाच्या आवाजातही येऊ शकतो. उलट, त्याच दिवशी दुपारी रायर आणि काकू शाखेत गेले तेव्हा ज्याने त्यांचे कार्ड तत्काळ बंद केले, तक्रार लिहून घेतली, पाणी विचारले, तो अधिकारी बिहारमधून नुकताच बदलून आलेला तरुण होता. त्याचे तामिळ चार मोडक्या वाक्यांपलीकडे जात नव्हते. अस्सल अडखळत होता. नक्कल अस्खलित होती.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात नवल वाटू नये. दोन पाठांपैकी जो अधिक अवघड तो सामान्यतः मूळचा, कारण नकलाकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड करीत नाही. हे तत्त्व महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामात सुकथनकरांनी वापरले आणि आपण सर्वांनी ते पाठ केले. गुळगुळीत पाठाविषयी सावध असावे, हे ग्रंथापुरते आपल्याला कळते. कानाच्या बाबतीत आपण नेमके उलट वागतो. गुळगुळीत बोलणाऱ्याला शाखाधिकारी समजतो आणि अडखळणाऱ्याला भामटा.

एक खूण भाषेत होती, ती मला नंतर सुचली. त्याने रायरांचे संपूर्ण नाव घेतले होते, कागदावर असते तसे, आद्याक्षराचा विस्तार करून. शाखेतला कोणी त्यांना तसे कधीच हाक मारीत नाही; तेथे ते रायरच. ते नाव कोठून तरी फुटलेल्या यादीतून वाचलेले होते. आपले नाव, जन्मतारीख, खात्याचे शेवटचे अंक ही माहिती ज्याच्याजवळ आहे तो बँकेचा माणूस असलाच पाहिजे, हा समज आता सोडून दिला पाहिजे. असल्या याद्या बाजारात विकत मिळतात. तथापि या खुणेवरही मी फार भर देणार नाही. उद्याचा तोतया 'रायर' म्हणावयास शिकेल.

मग बदलत नाही असे काय आहे? मला वाटते, ते काकूंना कळले होते. तोतया काय बोलतो यापेक्षा तो तुम्हाला कोणाशी बोलू देत नाही ते पाहावे. घाई, धाक आणि गुप्तता ही त्रिकुटी त्याच्या प्रत्येक सोंगात असते, परंतु त्यांतली घाई आणि धाक ही साधने आहेत. साध्य आहे ते तुम्हाला एकटे पाडणे. संध्याकाळपर्यंतची मुदत कशासाठी? मुलगी कामावरून परत येण्याच्या आत काम उरकावे म्हणून. फोन ठेवू नका, असे का? कारण ठेवलात तर कार्डाच्या पाठीवर छापलेल्या क्रमांकावर तुम्ही स्वतः फोन कराल, आणि तेथे खरा माणूस असेल. 'डिजिटल अटक' या नावाने जो नवा प्रकार निघाला आहे त्यात तर माणसाला तास-तास, कधी दिवस-दिवस, दृश्य दूरध्वनीसमोर बसवून ठेवतात. आपल्या कायद्यात असली अटक मुळी नाहीच. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील भाषणात हे देशाला सांगावे लागले.

केवळ भोळ्या वृद्धांना असे एकटे पाडता येते असे नाही. प्रत्यक्ष बँकेलाही पाडता येते, आणि ते याच गावच्या बँकेच्या बाबतीत घडले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत सिटी युनियन बँकेच्या परदेशी भरणा करण्याच्या 'स्विफ्ट' यंत्रणेतून तीन आज्ञापत्रे बाहेर पडली: पाच लाख डॉलर दुबईकडे, तीन लाख युरो तुर्कस्तानाकडे, दहा लाख डॉलर चीनकडे. बँकेतल्या कोणीही ती दिलेली नव्हती. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून बँकेच्याच नावाने ती धाडली होती. त्यांच्या स्वरूपात दोष नव्हता. स्विफ्टच्या दृष्टीने ती अस्सल होती. असे प्रत्येक आज्ञापत्र गेल्यावर त्याची पोच कार्यालयातल्या छपाईयंत्रावर कागदावर उमटते. ६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी ते छपाईयंत्र बंद पडले होते. ते चोरांनीच पाडले होते. बांगलादेशातही दोन वर्षांपूर्वी हेच झाले होते. ७ तारखेला हिशेबाचा ताळा जुळविताना तीन रकमा अधिक निघाल्या, तेव्हा चोरी उजेडात आली. दुबईकडची रक्कम अडविता आली. ताळा जुळविणे हे काम कंटाळवाणे खरे, पण त्या दिवशी बँकेच्या कामी आले ते तेवढेच.

छपाईयंत्राचा हा तपशील मला फार बोलका वाटतो. ते यंत्र म्हणजे घरातली काकू. कोण आहे, काय चालले आहे, असे विचारणारे दुसरे माणूस. चोर तिजोरीकडे वळण्यापूर्वी त्याचे तोंड बंद करतो. (त्याच वर्षीच्या ऑगस्टात पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून चौऱ्याण्णव कोटी रुपये गेले, त्यांतले बहुतेक अठ्ठावीस देशांतल्या पैशाच्या यंत्रांतून. तिची स्थापना १९०६ ची; कुंभकोणम् बँकेहून ती दोन वर्षांनी धाकटी. दोन्ही गावांशी नाते असलेल्या मला त्या वर्षी दोन्हीकडून एकच बातमी ऐकावी लागली.)

आता त्या सहा अंकांविषयी. मोडी कागदाची ज्यांना सवय आहे त्यांना हे समजाविणे सोपे जाते. पत्राच्या मस्तकी शिक्का असतो आणि मजकूर संपला तेथे मोर्तब. मोर्तबाचा अर्थ असा की आमचे म्हणणे येथे संपले. यापुढे कोणी एक अक्षर घालील तर ते आमचे नव्हे. चिटणिसाने लिहिलेला कागद मोर्तब होईपर्यंत नुसता कागद असतो. कार्ड समोर न दाखविता केलेल्या व्यवहारासाठी आणखी एक खात्री घेतलीच पाहिजे असे रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केले. त्या खात्रीचे आज रूढ झालेले रूप म्हणजे ओटीपी, आपले मोर्तब. तोतया बोलत असतो तेव्हा त्याने आज्ञापत्र आधीच लिहून ठेवलेले असते: कार्डाचा क्रमांक, रक्कम, कोणाला द्यावयाचे ते. अडलेले असते ते एवढ्यासाठीच. 'दाखला-क्रमांक' म्हणून तो जे मागतो ते तुमचे मोर्तब असते, आणि ते तुम्हालाच बँकेने धाडलेले असल्यामुळे बँकेने ते परत मागण्याचे काही कारणच नसते. हे एक सूत्र कळले की 'केवायसी', 'बक्षीस', 'परतावा', 'दाखला' ही सारी सोंगे एकदम उघडी पडतात. यूपीआयचा पिन हाही असाच शिक्का. तो पैसे देताना उमटवावयाचा, घेताना नव्हे. म्हणून 'तुमचे पैसे परत करतो, पिन टाका' असे जो म्हणतो तो चोर. ज्याच्या सांगण्यावरून दूरध्वनीत एखादी फाइल किंवा ॲप उतरवून घ्यावयाचे, तो तर शिक्क्यासकट पेटीच उचलून नेतो.

या विषयावर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये एक चित्रमय पुस्तिका काढली. तिचे नाव 'राजू अँड द फॉर्टी थीव्हज'. फसवणुकीच्या चाळीस कथा तिच्यात आहेत. मध्यवर्ती बँकेने कथारूपाचा आश्रय घ्यावा याचा मला आनंद झाला, पण नावात एक गंमत राहून गेली आहे. मूळ कथेत चोरांच्या गुहेचा मंत्र चोरून ऐकतो तो आलिबाबा. येथे चाळीस चोर राजूच्या दारात उभे राहून त्याला त्याच्याच घराचा मंत्र विचारीत आहेत, आणि तो सांगतो आहे.

खुणेची बाहेरून सोय करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. बँकांनी व्यवहारासंबंधीचे आणि सेवेसंबंधीचे दूरध्वनी १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. साध्या दहा अंकी क्रमांकावरून 'बँक' बोलू लागली तर एवढ्यावरूनही शंका घ्यावी. ही व्यवस्था चांगली आहे. तरीही ती शिक्क्यासारखीच आहे, आणि बनावट शिक्क्यांचा इतिहास शिक्क्यांइतकाच जुना आहे. म्हणून क्रमांक पाहून विश्वास ठेवण्यापेक्षा तो पाहून अविश्वास ठेवणे अधिक सुरक्षित.

पैसे गेल्यानंतरचे काय, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावयाचे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात धावत असते, आणि ती जेथे असेल तेथे गोठविता येते. पहिल्या तासाला फार मोल आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले की दोष तिसऱ्याच कोणाचा असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर भार नाही. परंतु त्याने स्वतःच गुप्त अंक सांगितले असतील तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे कायदाही पुन्हा कळविण्यावरच येऊन थांबतो.

आणि नेमके तेथेच माणूस अडतो. रायर शाखेत गेले ते काकूंनी ओढून नेले म्हणून. त्यांना स्वतःला जावयाचे नव्हते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाने खिडकीच्या अलीकडे उभे राहून 'मला एकाने फसविले' असे कोणत्या तोंडाने सांगावे? मला ही लाज फार महत्त्वाची वाटते. तोतयाने सांगितलेली गुप्तता दूरध्वनी ठेवल्यावर संपते. या लाजेने ती पुढे चालू राहते, आणि त्याला हवा असलेला वेळ आपणच त्याला देतो. सुशिक्षितांच्या घरांत ही लाज अधिक असते असे माझे निरीक्षण आहे. फसलेला माणूस मूर्ख ठरतो अशी भाषा आपणच वर्तमानपत्रांतून, गप्पांतून, विनोदांतून रूढ केली आहे, आणि तोतयाला तिचा लाभ होतो.

रायरांची काही रक्कम कोणा दूरच्या खात्यात गोठवलेली सापडली आणि कित्येक महिन्यांनी परत आली. पण त्यांनी दूरध्वनी घेणे सोडून दिले. वाजला की ते त्याकडे पाहत बसतात. मुलगी चेन्नईहून करते, तोही काकू घेतात. गेल्या थंडीत एकदा १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून फोन आला. काकूंनी तो घेतला, ऐकून घेतले, आणि आपल्या ठरलेल्या उत्तराप्रमाणे 'संध्याकाळी आम्हीच येतो' एवढे म्हणून ठेवून दिला. मी सोबत गेलो होतो. फोन बँकेचाच होता. ठेवीची मुदत भरली होती. त्या बिहारी तरुणाने तामिळमध्ये तसे सांगण्याचा यत्न केला, मग हिंदीत, मग कागदावर तारीख लिहून दाखविली. परतताना काकू मला विचारीत होत्या की ही शाखा येथून हलणार आहे असे ऐकते, ते खरे काय. हलली तर विचारावयाला कोठे जावयाचे?